मुंग्या मारायचं लायसन

सातपूरच्या अशोकनगरात मोठा रस्ता सोडून आत वळलं की डाव्या हाताला मोटर वाइंडिंगचं एक दुकान लागतं. पाटीवर नाव दिनेश निकमचं आहे, पण गिरणाऱ्याकडचे, मखमलाबादकडचे शेतकरी त्याला वहिनींचं दुकान म्हणूनच ओळखतात. विहिरीवरची मोटर जळाली की ते ती मोटरसायकलवर मागे बांधून आणतात, दारात उतरवतात आणि आत हाक देतात, "वहिनी, भरून पायजे बघा. पाणी द्यायचं तटलंय."

मग ललिता बाहेर येते. साडीवर जुना खाकी शर्ट, चष्मा कपाळावर, आणि हाताला व्हार्निशचा वास. कितीही साबण लावला तरी तो वास जात नाही आणि आता तिने तो घालवायचा नादही सोडलाय. मोटरीचं झाकण काढून ती आधी आत हुंगते आणि तिथल्या तिथे सांगते, पूर्ण भरावी लागेल, म्हणजे आतली सगळी तार नव्याने घालावी लागेल, की नुसतं बेअरिंग बदलून भागेल. तिचं सांगणं सहसा चुकत नाही, आणि हे तिलाही माहीत आहे.

ललिता मूळची विंचूरची. माहेरी कांदा, घरात सगळी माणसं कांद्यातच वाढलेली. लग्न होऊन सातपूरला आली तेव्हा मोटर म्हणजे बटण दाबलं की पाणी येतं, एवढंच तिला ठाऊक होतं. दिनेशने कंपनीतली नोकरी सोडून घराच्या पुढच्या खोलीत दुकान टाकलं, तेव्हा ती मदत म्हणून मोटरीत तारेखाली घालायच्या कागदाच्या पट्ट्या कापून द्यायची. मग तांब्याच्या तारेचे वेढे घालून द्यायला लागली. "हिची बोटं माझ्यापेक्षा बरी चालतात," असं दिनेश गिऱ्हाइकांना सांगायचा आणि ललिता मान खाली घालून तार गुंडाळायचं चक्र आणखी जोरात फिरवायची.

मग एका सकाळी दात घासता घासता दिनेशच्या हातातला ब्रश गळून पडला. जीव वाचला, पण डावी बाजू गेली आणि बोलणं जड झालं. भेटायला आलेल्या नातेवाइकांनी चहा पिता पिताच सल्ले द्यायला सुरुवात केली. कोणी म्हणालं, जागा भाड्याने दे. कोणी म्हणालं, सामान विकून टाक, तांब्याला भाव आहे. ललिता सगळ्यांचं ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "दुकान बंद कुठंय? चालूच आहे की," आणि कप उचलून आत गेली.

पहिली मोटर तिने दिनेशच्या खाटेशेजारी जमिनीवर बसून भरली. तो अडखळत एकेक शब्द सांगायचा, ती तार घालायची. चुकलं की सगळं उकलायचं आणि पुन्हा घालायचं. वर्षभरात तिला विचारायची गरज उरली नाही. पुढे तिने वायरमनची परीक्षाही दिली, पास झाली आणि ते लायसन काचेच्या फ्रेममध्ये घालून गणपतीच्या फोटोखाली टांगलं. कोणी येऊन सांगितलं की घरातलं वायरिंग गल्लीतल्या कुणाकडून करून घेतलं आणि आता ठिणग्या उडतायत, की ती विचारायची, "पोटात दुखलं तर न्हाव्याकडे जाता का?"

यंदा होळी झाली, ऊन तापायला लागलं आणि घरात मुंग्या निघाल्या. त्याचं ललिताला काही वाटलं नाही. मुंग्या आणि ती, जुनी ओळख. शेतातल्या मोटरीच्या स्टार्टरमध्ये मुंग्या शिरतात, वीज जोडणाऱ्या पट्ट्यांमध्ये चिरडून मरतात आणि मोटर चालायची थांबते. शेतकरी घाबरून फोन करतो, ललिता जाते, ब्रशने झाडते, फुंकर मारते, मोटर चालू. ज्या जिवाला आपण फुंकरीने उडवतो त्याची काय धास्ती धरायची? तिने साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवला, ओट्याच्या कडेला हळद टाकली, उंबऱ्यावर मुंग्यांचा खडू ओढला आणि ती दुकानात निघून गेली. द्राक्षबागांचे दिवस होते, दारात मोटरींची रांग लागली होती.

हळदीला मुंग्यांनी वळसा घातला. खडूची रेघ दोन दिवस मानली आणि नंतर ती ओलांडून चालू लागल्या. अंगाने पिवळसर, शेपटाकडे काळसर, अशा बारीक की ललिताला चष्मा लावल्याशिवाय दिसायच्या नाहीत. दिनेश अधूनमधून खाटेवरून काहीतरी सांगू बघायचा. "ललिता, त्या... बोर्डा..." एवढं त्याच्या तोंडून निघेपर्यंत बाहेरून कोणीतरी हाक मारायचं. "हो, बघते," म्हणून ती निघून जायची.

एके सकाळी ती त्याचं अंग पुसायला गेली. डावा हात नेहमीसारखा अंगाला लागून पडला होता. चादर बाजूला केली तर मनगटापासून कोपरापर्यंत मुंग्या. हात लालभडक झाला होता, जागोजागी फोड उठले होते, कोपराजवळची कातडी सोलवटली होती. दिनेश शांतपणे छताकडे बघत पडला होता. त्या हातावर काय चाललंय याची त्याला गंधवार्ता नव्हती.

ललिताने हात पाण्याखाली धरला, टॉवेलने पुसला, पुन्हा पुन्हा बघितला. दिनेशनेही मान वळवून हात बघितला आणि थोड्या वेळाने त्याच्या वाकड्या ओठावर हसू आलं.

"डॉक्टर... दरवेळी विचारतात," तो म्हणाला, "हाताला... मुंग्या येतात का? सांग त्यांना... आल्या."

ललिताला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी जखमा साफ करून मलम दिलं. दिनेशला मधुमेह होता, तेव्हा असली जखम चिघळायला वेळ लागत नाही, हेही त्यांनी सांगितलं. "ज्या भागाला कळत नाही, त्याची काळजी दुसऱ्याने घ्यावी लागते," ते म्हणाले. ललिता घरी आली तीच मनाशी ठरवून, या मुंग्यांचं मूळच उपटायचं.

शेजारच्या सुलाबाईंना बातमी कळायला वेळ लागला नाही. सुलाबाई गल्लीतल्या सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणाऱ्या, आणि प्रत्येक अडचणीसाठी त्यांच्याकडे एक माणूस ठरलेला असे. "रवीला सांगते," त्या म्हणाल्या. "आमच्या बहिणीकडे फवारलं त्याने. झुरळ म्हणून औषधाला नाही आता."

रवी दुपारीच आला. पाठीवर फवारणीचा पंप, हातात थंड पेयाची बाटली, तिच्यात दुधासारखं पांढरं काहीतरी. ललिताने सवयीने विचारलं, "लायसन आहे ना?"

"काकू, मुंग्या मारायला कसलं लायसन?" रवी हसला. "वाघ मारायचाय का आपल्याला?"

सुलाबाईही हसल्या. बाहेर एक शेतकरी मोटर घेऊन उभा होता आणि दिनेशच्या हाताची पट्टी बदलायची होती. ललिता म्हणाली, "बरं, कर लवकर."

दुकानात ती त्या मोटरीचं झाकण काढते न काढते तोच मागून वास आला. विंचूरला कांद्यावर फवारणी चालू असली की शिवारभर हाच वास असायचा आणि आई तिला बांधावरूनच परत पाठवायची. ललिता उलट्या पावली आत पळाली. ओटा, मोरी, मधली वाट, सगळं ओलं झालं होतं आणि रवी दिनेशच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभा होता. दिनेशला खोकल्याची उबळ आली होती, आणि कुशीवर वळायलाही त्याला दुसऱ्याचा हात लागायचा.

"थांब," ललिता म्हणाली. "एक थेंबसुद्धा टाकू नकोस आता."

सुलाबाईंनी एका बाजूने धरलं, तिने दुसऱ्या. दिनेशला चाकाच्या खुर्चीत बसवून दुकानात आणला आणि शटर पुरतं वर केलं. त्याचा खोकला थांबेपर्यंत ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग रवीकडे वळून म्हणाली, "बाटलीवर लेबल कुठंय?"

"मोठ्या कॅनमधून काढून आणलंय, काकू. शेतीचंच आहे. दोन दिवसांत वास जाईल."

"शेतात माणूस झोपतो का रात्रंदिवस?" ललिताने विचारलं. त्याने पंप उचलला आणि तो गेला. सुलाबाईंचा चेहरा पडला. ललिताने त्यांना दोष दिला नाही. माणूस सुलाबाईंनी आणला असला तरी "कर" आपण म्हणालो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने सगळं घर साबणाच्या पाण्याने धुऊन काढलं, खिडक्या उघड्या टाकल्या. मुंग्या दिसेनाशा झाल्या. पण आठवडा उलटायच्या आत त्या परत आल्या, आणि येताना भावकी घेऊन आल्यासारख्या आल्या. पूर्वी एक रांग होती. आता मोरीत वेगळी, खिडकीच्या चौकटीत वेगळी आणि दिनेशच्या खाटेच्या उशाशी तिसरी.

"लोकां सांगे... ब्रह्मज्ञान," दिनेश म्हणाला.

"आणि आपण कोरडे पाषाण," ललिताने वाक्य पुरं केलं. "कळलं मला. हसू नका."

त्या संध्याकाळी दुकानाचं काम आवरल्यावर ती फोन घेऊन बसली. एकेक नंबर लावायचा आणि पहिला प्रश्न हाच, लायसन आहे का, आणि असेल तर फोटो पाठवाल का. एकजण म्हणाला, आमची मोठी कंपनी आहे, काळजी करू नका. एकजण हसला. एकाने फोनच ठेवला. मग एका बाईने फोन उचलला. तिने प्रश्न ऐकला आणि एवढंच म्हणाली, "पाठवते." फोन ठेवायच्या आत फोटो आला, कृषी खात्याच्या शिक्क्यासह. नाव होतं, संध्या सोमा भोये.

"पण काकू, मी आधी नुसती बघायला येईन," ती म्हणाली. "बघितल्याशिवाय काय करायचं ते सांगता येत नाही. आल्या आल्या मारायला सांगू नका."

ललिताला हे बोलणं आवडलं. झाकण उघडल्याशिवाय तीही कुणाला काही सांगत नसे.

संध्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटीवर आली. तिशीची, सावळी, केस घट्ट बांधलेले, पाठीवर सॅक. तिने घर बघायच्या आधी प्रश्न विचारले. घरात लहान मूल आहे का, जनावर आहे का, कोणी आजारी आहे का. ललिताने दिनेशबद्दल सांगितलं, रवीबद्दलही सांगितलं, काही न लपवता.

"वासावरून तरी ते पिकावरचंच दिसतंय," संध्या म्हणाली आणि वाकून खिडकीतली रांग निरखू लागली. "आणि या जातीच्या मुंग्यांवर फवारलं की त्या मरण्यापेक्षा पांगतात जास्त. वारुळात एक राणी नसते, पुष्कळ असतात. धोका दिसला की एकेक राणी थोडी प्रजा घेऊन दुसरीकडे संसार मांडते. तुमच्याकडे आता तीन घरं झाली असतील."

"म्हणजे मीच वाढवल्या."

"फवारणीने वाढल्या. आता कमी करू." मग तिने विचारलं, "घरात सगळ्यात जास्त वेळ कोण असतं?"

"हेच," ललिता म्हणाली. "दिवसभर इथंच असतात."

संध्या स्टूल ओढून खाटेशेजारी बसली. "काका, तुम्ही बघितल्यात का त्या कुठून येतात?"

दिनेशने तोंड उघडलं. शब्द जुळायला वेळ लागत होता. ललिता सवयीने त्याचं वाक्य पुरं करायला पुढे सरसावली, तर संध्याने हलकेच हात वर केला. "बोलू द्या त्यांना. मला घाई नाही."

मग दिनेश बोलला. थांबत, श्वास घेत, पण एकही गोष्ट न सोडता बोलला. पंख्याच्या बोर्डातून निघतात, तो म्हणाला. सकाळी भिंतीच्या वरच्या अंगाने स्वयंपाकघरात जातात. दुपारी भिंत तापली की खाली उतरतात, खाटेवर येतात. फवारणी झाली त्याच संध्याकाळी, तो खाटेवर परत आल्यावर, एक रांग खिडकीकडे गेली, तोंडात पांढरं काहीतरी धरून. दुसरी मोरीकडे. हे सगळं त्याने पडल्या पडल्या बघितलं होतं. त्याला दुसरं बघायला होतंच काय?

"मी... सांगत होतो," तो शेवटी म्हणाला. "बोर्ड."

ललिता भिंतीला टेकून उभी होती. त्याने किती वेळा "बोर्ड" म्हटलं आणि आपण किती वेळा "हो, बघते" म्हटलं, ते तिला एकदम आठवलं. पूर्वी साधी तार जोडायची तरी ती त्याला विचारायची. आता सकाळी चहा दिला, अंग पुसलं, गोळ्या दिल्या की दिवसभरात त्याच्याशी कामाचं एक वाक्य होत नव्हतं. दुकान उत्तम चाललं होतं. त्यात तो कुठेच नव्हता.

संध्या बोर्डाजवळ जाऊन टॉर्चने फटी बघत होती. "आत बघायला हवं. पण हा मी उघडणार नाही, काकू. वीज माझं काम नाही. वायरमन बोलवा."

"बोलवायला कशाला पाहिजे?" ललिता म्हणाली. तिने मेन स्विच पाडला, दुकानातून टेस्टर आणि स्क्रूड्रायव्हर आणला, चष्मा डोळ्यांवर घेतला. टेस्टर लावून आधी खात्री केली, मग स्क्रू काढले आणि बोर्ड अलगद पुढे ओढला.

आत मुंग्यांचा ढीग होता. तारांच्या खाली, पाइपाच्या तोंडाशी, पांढऱ्या अंड्यांचा थर रव्यासारखा पसरला होता आणि त्यावर मुंग्या उकळत्या पाण्यासारख्या हलत होत्या. एका जुन्या तारेचं वरचं आवरण त्यांनी कुरतडून काढलं होतं, आतलं तांबं दिसत होतं. ललिताला चीड आली. तार कुरतडलेली तिला सहन होत नसे. तिचा हात फडक्याकडे गेला.

"नको," संध्या म्हणाली. "आत्ता पुसलंत तर निम्म्या मुंग्या पाइपातून आत पळतील, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या बोर्डात सापडतील. तेवढी तार दुरुस्त करा आणि मुंग्यांना हात न लावता झाकण बंद करा."

"एवढं डोळ्यांनी बघून बंद करू?"

"हो."

ललिताने तिच्याकडे बघितलं. समोरची मुलगी डोळ्याला डोळा देऊन उभी होती. ललिताने उघड्या तारेला चिकटपट्टी गुंडाळली, बोर्ड बसवला आणि स्क्रू आवळले. आयुष्यात बिघाड दिसल्यावर तो तसाच ठेवून झाकण लावायची ही तिची पहिलीच वेळ.

संध्याने हातमोजे घातले. सॅकमधून एक बारीक सुई असलेली नळी काढली आणि ललितापुढे धरली. "आधी लेबल वाचा. तुमच्या घरात काय लावतेय ते तुम्हाला माहीत पाहिजे." मग तिने बोर्डाच्या कडेला, खिडकीच्या चौकटीत, मोरीच्या कोपऱ्यात, दिनेशच्या हाताला लागणार नाही अशा जागा बघून मोहरीएवढे थेंब लावले. खाट भिंतीपासून दूर घेतली, पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. "हे जेल गोड असतं. मुंग्या खातात, पोटात घेऊन घरी जातात, राण्यांना भरवतात. मरतात हळूहळू. तोवर इथं पुसायचं नाही, फिनेल नाही, खडू नाही, आणि एकही मुंगी चिरडायची नाही. तेवढे दिवस काकांना दुसरीकडे झोपवता येईल का?"

"दुकानात," दिनेश म्हणाला. या वेळी त्याचा शब्द एका दमात बाहेर पडला.

चहा घेताना ललिताने विचारलं, या कामात कशी आलीस. संध्या पेठ तालुक्यातली. घरी भात आणि नागली, पण तेवढ्यावर वर्ष निघत नसे, म्हणून भात झाला की आईवडील तिला घेऊन दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला उतरायचे. "आई औषध हाताने कालवायची," ती म्हणाली. "उघड्या हाताने, बादलीत. नंतर त्याच हाताने भाकरी खायची. डब्यावर सगळं लिहिलेलं असायचं, पण वाचणारं कोणी नव्हतं. मला वाचता यायला लागलं तेव्हापासून मी आधी लेबल वाचते." तिने शेतकीची पदवी घेतली, एका कंपनीत काही वर्षं काढली, कीडनियंत्रणाचं प्रशिक्षण घेतलं आणि मग स्वतःचं लायसन काढलं. आता आई तिच्याजवळच म्हसरूळला राहते. हे सांगताना तिच्या आवाजात कौतुकाची अपेक्षा नव्हती, आणि संकोचही नव्हता. ललिताने तिला आणखी अर्धा कप चहा ओतला.

दिनेशची खाट काउंटर आणि तारेच्या चक्राच्या मध्ये टाकली. मागे घरात दुसऱ्या दिवशी थेंबांभोवती मुंग्यांनी जत्रा भरवली. सुलाबाई बघायला आल्या आणि कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं, ती पोरगी औषध घालतेय की जेवण?"

"जेवणच घालतेय," ललिता म्हणाली. "घरी घेऊन जाऊ दे त्यांना."

पण सुलाबाई गेल्यावर तिचीच बोटं शिवशिवू लागली. शेवटी तिने फोन लावला. "वाढल्यात गं."

"वाढू द्या, काकू. याचा अर्थ त्यांना आवडलंय," पलीकडून संध्या म्हणाली. "तुम्ही मोटर भरून व्हार्निश लावलंत आणि ते सुकायच्या आधीच कोणी चालू करून बघायला लागला, तर काय म्हणाल?"

"हात तोडीन त्याचा."

"मग?"

ललिता हसली आणि फोन ठेवून कामाला लागली.

त्याच दिवसांत गिरणाऱ्याचा गेणू आपली मोटर परत घेऊन आला. ती ललितानेच मागच्या महिन्यात भरून दिली होती. गेणू म्हातारा, बोलायला मऊ, पण मनातलं सांगितल्याशिवाय न राहणारा. "वहिनी, लय गरम व्हती ही. हात ठिवू देत नाय. म्हटलं भरण्यात काय ऱ्हायलं का?"

"माझ्या भरणीत राहिलेलं नसतं," ललिता म्हणाली, पण मोटर तिने टेबलावर घेतली. वायर जोडून चालू केली. नीट चालत होती, हुंगून बघितलं तर जळका वासही नव्हता. थोड्या वेळाने खरोखरच तापायला लागली. ललिताच्या कपाळाला आठी पडली. आता सगळं उकलायचं, म्हणजे दिवस गेला.

"बंद... कर," खाटेवरून दिनेश म्हणाला.

तिने बंद केली.

"परत... लाव."

तिने लावली. दिनेशने डोळे मिटले. दुकानात मोटरीच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. ललिता त्याच्या तोंडाकडे बघत थांबली आणि या वेळी तिने त्याचं वाक्य पुरं केलं नाही.

"भरणी... चांगली आहे," तो म्हणाला. "पंख्याचा... आवाज नाही. मागचा पंखा... फिरत नाही."

ललिताने मोटर बंद करून मागचं कव्हर काढलं. पंखा दांड्यावर ढिला झाला होता. हाताने फिरवून बघितलं, तर दांडा फिरत होता आणि पंखा जागच्या जागी डुलत होता. मोटरीला वाराच लागत नव्हता, ती तापणार नाही तर काय. ललिता चालू मोटरीचा वासच घेत बसली होती. जो आवाज येत नव्हता त्याकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं.

गेणू खाटेजवळ गेला आणि वाकून बघू लागला. "दिनेशभाऊ, मला वाटलं तुम्ही आता कामातून गेले. कोण काय सांगतच नाय."

"मी... इथंच आहे," दिनेश म्हणाला.

पंखा बसवून मोटर गेणूच्या गाडीवर बांधून दिल्यावर ललिता काउंटरशी परत आली. मग तिने टेबलावरची दुसरी मोटर ओढून खाटेजवळ आणली. "हिचं बघा जरा," ती म्हणाली. "मला वाटतं नुसतं बेअरिंग आहे. तुम्हाला काय वाटतं?"

मुंग्या कधी कमी झाल्या ते नेमकं सांगता येणार नाही. एके दिवशी मोरीतली रांग दिसली नाही. पुढे खिडकीतली विरळ झाली. ठरल्याप्रमाणे संध्या पुन्हा आली, ललिताने मेन पाडून बोर्ड उघडला. आत काळपट भुसा पडला होता, हलत काहीच नव्हतं. आता पुसायला संध्याने परवानगी दिली आणि ललिताने ब्रशने कोपरान्कोपरा झाडला. कुरतडलेली तार तिने पुरती बदलली, पाइपाचं तोंड बंद केलं. खिडकीजवळ संध्याला अजून दोन-चार चुकार मुंग्या दिसल्या. तिने तिथे आणखी एक थेंब लावला. "पुन्हा कधीच येणार नाहीत असं मी सांगणार नाही," ती म्हणाली. "भिंतीपलीकडे जग आहे. पण दिसल्या की फवारायच्या आधी मला फोन करा."

"आणि तुझ्या घरचा स्विच बिघडला तर मला कर," ललिता म्हणाली. "दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस."

दिनेशच्या हातावरची जखम भरून आली, खुणा मात्र राहिल्या. त्याला मागच्या खोलीत न्यायचा विषय निघाला तेव्हा त्याने मान हलवली. दुपारी उन्हाची तिरीप येते, मोटरींचा आवाज असतो, येणारा-जाणारा दोन शब्द विचारतो. रात्री तो मागे झोपतो, सकाळी ललिता त्याला खुर्चीतून पुढे आणते आणि चक्राशेजारी बसवते. उजवा हात धड आहे. त्या हाताने तो कागदाच्या पट्ट्या मोजून वेगळ्या करतो. पट्ट्या कापून द्यायचं काम कधीकाळी ललिताचं होतं, याची आठवण दोघांनाही आहे.

सुलाबाईंच्या घरी पावसाळ्याच्या तोंडावर वाळवी निघाली. त्यांनी ललिताकडे संध्याचा नंबर मागितला. ललिताने तो दिला आणि वर सांगितलं, "माझं नाव सांगा, पण लायसन बघायला मागाच. तिला राग येत नाही. उलट न मागणाऱ्याचाच तिला राग येतो."

मागच्या आठवड्यात घोटीकडच्या एका भातशेतकऱ्याचा फोन आला. विहिरीवरचा स्टार्टर बंद पडलाय, या लवकर. पूर्वी असं बाहेर जायचं झालं की ललिता शटर ओढून कुलूप लावायची. दारात आलेलं गिऱ्हाईक परत जायचं, आणि दिनेश मागच्या खोलीत शेजाऱ्यांच्या भरवशावर असायचा. त्या दिवशी तिने हत्यारांची पिशवी भरली, दिनेशच्या हाताशी पाण्याची बाटली आणि फोन ठेवला, सुलाबाईंना लक्ष ठेवायला हाक दिली.

"गिऱ्हाईक आलं तर?" तिने विचारलं.

"मी... आहे ना," दिनेश म्हणाला. "जा तू."

ललिताने स्कूटर चालू केली आणि शटर तसंच वर ठेवून ती घोटीच्या रस्त्याला लागली.